रिपीटचं वर्ष

माझी लेक आता मुंबईबाहेरच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला जे लिहायचं आहे ते तिच्या यशाबद्दल नाही. नीटची परीक्षा दुसऱ्यांदा देण्याबद्दल माझं एक ठाम मत होतं. ते बदललं, आणि निकालामुळे नाही. निकाल लागला जूनमध्ये. मत त्याआधीच्या दिवाळीनंतर बदललं होतं, जेव्हा तिला यंदा तरी प्रवेश मिळेल की नाही हे घरात कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. निकाल उलटा लागला असता तरी मी हेच लिहिलं असतं.

माझं मत असं होतं : परीक्षा एकदाच द्यावी. पहिल्या फटक्यात जे मिळेल ते घ्यावं आणि पुढे निघावं. एमबीबीएस नाही तर आयुर्वेद, फिजिओथेरपी, नर्सिंग. तेही नाही तर रुईया, रुपारेल, कीर्ती आहेतच, बीएस्सी करावी. वर्षभर घरी बसून तीच परीक्षा पुन्हा द्यायची चैन आपल्यासारख्यांना परवडत नाही. नातेवाइकांत, शेजारपाजारी, कामाच्या ठिकाणी कुणीही विचारलं की मी हेच सांगायची. जोर देऊन सांगायची.

या मताला मुळं होती आणि ती आजही मला पोकळ वाटत नाहीत.

मी लालबागची. एकशेऐंशी चौरस फुटांच्या खोलीत वाढले आणि लग्नानंतर चार चाळी सोडून तेवढ्याच खोलीत आले. माझे वडील, अण्णा, मिलमध्ये सांचेखात्यात, म्हणजे विणकर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमच्या घरात ‘डॉक्टर’ म्हणजे दत्ता सामंत. ते खरोखरचे डॉक्टर होते, परळच्याच जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले आणि घाटकोपरला दवाखाना चालवलेले, हे मला फार नंतर कळलं. लहानपणी मला वाटायचं, डॉक्टर म्हणजे सभेत बोलणारा माणूस. पहिले काही महिने सगळे म्हणत, होळीपर्यंत मिटेल. मग म्हणाले, गणपतीपर्यंत. मग दिवाळी. संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. तो तसाच विरत गेला आणि त्याबरोबर मिलही. आईची तांब्यापितळेची भांडी एकेक करून गेली. माझा थोरला भाऊ दहावीला होता. त्यानं शाळा सोडून भाजीची पाटी धरली ती धरलीच. हे सगळं होत असताना घरात एकच गोष्ट चालू होती : वाट पाहणं. त्या दोन-तीन वर्षांतून मी एक धडा घेतला. ज्यांच्या घरात साठवण नाही त्यांनी कशाचीही वाट पाहू नये, समोर येईल ते धरावं.

मी स्वतः तसंच केलं. बारावीनंतर टायपिंग शिकले, परीक्षा दिली, परळच्या एका मोठ्या रुग्णालयात लागले. आजही तिथल्या केसपेपरच्या खिडकीवर बसते. त्या नोकरीनं घर उभं राहिलं. ‘मिळेल ते धर’ हे माझ्यासाठी नुसतं बोलणं नव्हतं, त्यावर मी जगले होते.

लेकीची पहिली नीट ५ मे २०२४ ला झाली. ४ जूनला निकाल लागला : ७२० पैकी ५९०. आधीच्या वर्षांच्या हिशेबानं हे गुण वाईट नव्हते. पण त्या वर्षी गुणांना पूर आला होता. ६७ जणांना पैकीच्या पैकी पडले होते. देशभरातून तेवीस लाखांवर मुलं बसलेली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या आसपास, त्यांतल्या सरकारी जेमतेम निम्म्या. मागच्या वर्षीच्या यादीत जे गुण सरकारी कॉलेजात नेत होते ते यंदा दारातही उभं करीत नव्हते. खासगी कॉलेजची फी ऐकून आम्ही तो विषयच काढला नाही.

त्यात पेपरफुटीचं प्रकरण निघालं. पाटणा, हजारीबाग ही नावं रोज टीव्हीवर. दीड हजारांवर मुलांचे वाढीव गुण काढून घेतले, त्यांची २३ जूनला पुन्हा परीक्षा घेतली. सगळ्यांचीच फेरपरीक्षा होणार की नाही, हे सर्वोच्च न्यायालयात. २३ जुलैला न्यायालयानं फेरपरीक्षा नाही म्हणून सांगितलं, तोपर्यंत माझी मुलगी सकाळी पुस्तक उघडायची आणि दुपारी मिटायची. अभ्यास करावा तर कशासाठी, आणि सोडावा तर कसा? त्या सात आठवड्यांत मी तिच्या चेहऱ्याकडे पाहायची तेव्हा मला १९८२ मधले चाळीच्या कठड्याला टेकून उभे असलेले पुरुष आठवायचे. कुणीतरी दुसरीकडे काहीतरी ठरवणार आणि आपण इथे बसून राहायचं. ‘रिपीट करते’ असं ती म्हणाली तेव्हा मी ऐकलं ते एवढंच, की ही मुलगी आता वाट पाहत बसणार.

मी नाही म्हटलं. चांगलं चार-पाच दिवस भांडण चाललं. फिजिओथेरपीचा फॉर्म भर, असं मी म्हणत होते. ते काम मी रोज बघते. लकवा मारलेल्या माणसाला उभं करणारी ती मुलं मला कुठल्याही डॉक्टरपेक्षा कमी वाटत नाहीत, आजही वाटत नाहीत. ती म्हणाली, “आई, मलापण कमी वाटत नाही. पण मला ते करायचं नाहीये.” ह्यांनी तिची बाजू घेतली. अण्णा गॅलरीत बसून ऐकत होते. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. ते काही बोलले नाहीत. शेवटी दोघांपुढे माझं चाललं नाही आणि दादरच्या एका क्लासच्या रिपीटर बॅचला पैसे भरले. नात्यातल्या काहींनी लातूरला पाठवा म्हणून सांगितलं. तिथल्या अभ्यासाचा नावलौकिक मोठा आहे. पण वसतिगृहाचा खर्च आणि कोट्याहून येणाऱ्या मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या, दोन्हींनी आम्ही तिला घरीच ठेवलं. राहील तर डोळ्यांसमोर राहील.

पहिले तीन-चार महिने माझंच म्हणणं खरं ठरत होतं. आधीच्या वर्षी जे केलं तेच ती पुन्हा, जास्त तास करत होती. तोच पहिला धडा, तीच रंगीत पेनांनी खुणा केलेली पुस्तकं. एनसीईआरटीचं जीवशास्त्र तिला ओळीनिशी पाठ झालेलं, तरी पुन्हा पहिल्या पानापासून. क्लासच्या चाचण्यांत गुण कधी पाच वर, कधी दहा खाली. ऑगस्टच्या शेवटाला परळच्या कार्यशाळांतून गणपती निघायला लागले. चिंतामणीच्या आगमनाला आमच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि नंतरचे दहा दिवस लालबागमध्ये कुणाला अभ्यासाला शांतता मिळेल ही आशाच करू नये. गिरगावात नणंदेकडे पाठवावं तर तिथेही तेच. मंडळाची अभ्यासिका आहे, वर्षभर मुलं तिथे बसतात, पण त्या दिवसांत तीही कार्यकर्त्यांच्या ताब्यात. ती कानात कापूस घालून माळ्यावर बसायची. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. मनात म्हणायची, वर्ष चाललंय.

दिवाळीच्या साफसफाईत पहिल्या नीटची प्रश्नपुस्तिका कपाटावरून खाली आली. ही पुस्तिका परीक्षेनंतर मुलांना घरी नेऊ देतात. उत्तरपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत आणि उत्तरतालिका नंतर संकेतस्थळावर मिळते. म्हणजे कुठला प्रश्न बरोबर आला, कुठला चुकला, सगळं ताडून पाहता येतं. तिनं मे महिन्यापासून ती उघडली नव्हती. वर्गात कुणीही उघडली नव्हती, असं ती म्हणाली. मला ते समजलं. आपल्या अपयशाचा कागद कोण पुन्हा वाचतं?

त्या दिवशी तिनं तो वाचला. फटाके वाजत होते आणि ही पंख्याखाली चटईवर बसून एकेका प्रश्नासमोर खूण करत होती. १५४ बरोबर, २६ चूक. चार गुण बरोबरला, एक गुण वजा चुकीला; ६१६ मधून २६ गेले की ५९०. एवढं तर निकालातून कळतच होतं. पण तिनं एक शंभर पानी वही घेतली आणि त्या २६ प्रश्नांसाठी तीन रकाने आखले. पहिला : येत होतं, पण वाचताना चुकलं. ‘अयोग्य विधान ओळखा’ असं विचारलेलं आणि हिनं योग्य ओळखलेलं. दुसरा : दोन पर्यायांत अडकले आणि घाईनं ठोकलं. तिसरा : धडाच कच्चा. रात्री जेवताना तिनं ती वही माझ्यासमोर ठेवली. तिसऱ्या रकान्यात नऊ प्रश्न होते. पहिल्या दोन्हींत मिळून सतरा.

केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला आकड्यांची सवय असते. चूक उत्तर बरोबर झालं तर फरक चाराचा नसतो, पाचाचा असतो. एक वजाही वाचतो. सतरा पाचे पंच्याऐंशी. ५९० आणि ८५, ६७५. तेवढे असते तर २०२४ च्या त्या पुरातही सरकारी जागा मिळाली असती. म्हणजे हिला जे येत नव्हतं त्यानं हिला अडवलेलं नव्हतं. जे येत होतं, त्यातच ती अडखळली होती. आणि तीन-चार महिने ती काय करत होती, तर जे येतं ते आणखी पाठ.

अण्णांनी वही मागितली. त्यांना इंग्रजी वाचता येतं ते जेमतेम, पण रकाने कळले. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “घडीखात्यात आमचो कपडो उलगडून दाखवत. खय धागो तुटलो, खय गाठ इली, सगळा दिसा. पगार कापीत तेव्हा राग येय, पण हात थयच सुधारा.”

मिलमध्ये विणलेलं कापड घडीखात्यात तपासलं जायचं, दोष निघाला की विणकराला बोलावून दाखवायचे. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ते नेहमी दंडाची गोष्ट म्हणून. त्या रात्री मला दिसलं की मी दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत होते. संपात अण्णांच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तोडगा निघेल तर मंत्रालयात, नाहीतर मालकांच्या कचेरीत. कधी, ते कुणालाच माहीत नाही. माझ्या मुलीच्या हातात २६ प्रश्न होते आणि मे महिन्यातली एक तारीख. ही वाट पाहणं नव्हे. हे काम आहे, आणि ते पहिल्या वेळेस करताच येत नाही, कारण पहिल्या वेळेस तपासायला कापडच नसतं.

आणखी एक गोष्ट मला आठवली, जी मी विसरले नव्हते पण कधी या खात्यात धरली नव्हती. अण्णा एसएससी झाले ते रात्रशाळेतून. पहिली पाळी सात ते साडेतीन, मग घरी येऊन चहा, मग शाळा. गिरणगावात अशा रात्रशाळांतून शिकलेले शेकडो लोक आहेत. अण्णा मार्चमध्ये गणितात गेले आणि ऑक्टोबरला पुन्हा बसून सुटले. आमच्या घरात ही अभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ‘ऑक्टोबरला बसला’ यात कुणाला वर्ष फुकट गेल्यासारखं वाटलं नाही. ते बळ मला संपानं विसरायला लावलं होतं.

त्यानंतर मी आणखी एक गोष्ट केली, जी मला आधीही करता आली असती. माझ्या खिडकीशी रोज इंटर्न येतात, पेशंटचे कागद शोधायला. चोवीस-पंचवीस वर्षांची पोरं, झोप न झालेली. त्यांतल्या ओळखीच्यांना मी एकेक करून विचारू लागले, “डॉक्टर, तुम्हाला पहिल्याच वेळेस नंबर लागला होता का हो?” मी समजत होते की तसंच असणार. एकीनं हसून सांगितलं, “नाही मावशी, मी ड्रॉप घेतला होता.” दुसऱ्यानंही तेच. तिसऱ्यानं दोनदा. सगळ्यांनी नाही, पण जितक्यांनी सांगितलं तितके मला अपेक्षित नव्हते. इतकी वर्षं मी या मुलांना कागद देत होते आणि त्यांच्यातलं कोण एका वर्षानं थोरलं आहे हे मला कधी कळलं नव्हतं. पेशंटला तर ते कळायचा प्रश्नच नाही. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर एक वर्ष बंधपत्राची सेवा, पुढे एमडी-एमएस करायचं तर आणखी तीन वर्षं. या साडेनऊ वर्षांत आधीचं एक वर्ष मिसळलं की वेगळं काढता येत नाही.

इथे मला थोडं थांबून सांगावंसं वाटतं. परळला केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलं जी. एस. मेडिकल १९२६ मध्ये सुरू झालं ते देणगीदारांच्या एका अटीवर : तिथले डॉक्टर आणि शिकवणारे भारतीय असतील. त्या काळी वरच्या जागा बहुतेक गोऱ्यांनाच मिळत, म्हणून ती अट. ज्यांना दार बंद होतं त्यांच्यासाठी कुणीतरी मुद्दाम दार ठेवलं. त्या कॉलेजात आज दरवर्षी २५० मुलं जातात. लालबागहून तिथे चालत जाता येतं. पण इथल्या चाळीतून तिथे जाणारा रस्ता आता नीटमधून जातो, आणि दुसरा प्रयत्न कुणाला करता येतो हे बरंचसं घरातल्या पैशावर ठरतं. पैसेवाल्याचं मूल ड्रॉप घेतं तेव्हा त्याला कुणी वर्ष वाया गेलं म्हणत नाही. ते आम्हीच आमच्या मुलांना म्हणतो. मी म्हणत होते. माझ्यासारख्या आयांनी ‘आपल्याला परवडत नाही’ म्हणून मुलांना एकाच प्रयत्नानंतर थांबवलं, तर त्या २५० मध्ये लालबाग-परळची किती मुलं असतील? प्रयत्नांच्या संख्येवर सरकारनं मर्यादा ठेवलेली नाही, वयाची वरची अटही २०२२ मध्ये काढून टाकली. मर्यादा आम्ही घालतो. मला हे जाणवलं तेव्हा मी नुसती तयार झाले नाही, मी या वर्षाची कड घ्यायला लागले.

मग घर पाळ्यांत लागलं. हे अण्णांचं डोकं. पूर्वी कोकणातून आलेले मिलकामगार एकेका गाळ्यात वीस-पंचवीस जण राहायचे ते पाळ्यांच्या जोरावर. एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा. तसं आमच्या खोलीत ठरलं. पहाटे चार ते सात खोली तिची, आम्ही दोघं गॅलरीत अंथरूण टाकायचो. रात्री साडेनऊला दिवा बंद, सगळ्यांसाठी. आणि रविवारी दुपारी दोन ते संध्याकाळी पाच वीस चाचणी, कारण खरी परीक्षा दुपारी दोनला असते. हे तिला क्लासमध्ये एका शिक्षकांनी सांगितलं होतं : रात्री बारा वाजता चांगलं चालणारं डोकं उपयोगाचं नाही, दुपारी दोनला चालायला हवं. आमच्याकडे दुपारी दोनला अर्धी चाळ झोपते आणि उरलेली टीव्ही लावते. अण्णा घड्याळ घेऊन दारात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हातानंच हळू म्हणायचे. चाचणी संपली की त्याच संध्याकाळी वही. तीन रकाने. नवीन धडा वाचायचा तो फक्त तिसऱ्या रकान्यात नाव आलं असेल तर.

दुसऱ्या रकान्यावर तिनं सगळ्यात जास्त मेहनत घेतली. प्रश्न सोडून द्यायला शिकणं. हुशार मुलाला हे फार जड जातं. समोर प्रश्न आहे, चार पर्याय आहेत, दोन तर खोडलेले आहेत, मग गोल का नाही भरायचा? तिनं स्वतःचा नियम केला : उरलेल्या दोनांपैकी एक का बरोबर आहे हे एका वाक्यात सांगता आलं तर भरायचं, नुसतं ‘वाटतंय’ असेल तर कोरं. सुरुवातीला चाचणीचे गुण खाली आले. डिसेंबरमध्ये एका रविवारी ती रडली. माझं जुनं मत तेव्हाही डोकं वर काढत होतं, ते मी नाकारत नाही. पण मी बाहेरच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि काही बोलले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये परीक्षेचं स्वरूपच बदललं. करोनानंतर आलेले ऐच्छिक प्रश्न काढून टाकले. आधी २०० प्रश्नांतून १८० सोडवायचे होते आणि वेळ २०० मिनिटं. आता १८० प्रश्न, सगळे अनिवार्य, वेळ १८० मिनिटं. प्रश्नाला एक मिनिट. क्लासमध्ये घबराट झाली. ती मात्र शांत होती. निवडायला जास्तीचे प्रश्न वाचण्यात तिचा वेळ जात होता, तो आता वाचणार, असं तिचं म्हणणं. मार्चपासून मिरची गल्लीत मसाल्याचा हंगाम. डंक सकाळपासून चालू, वारा आमच्याकडे वळला की सगळ्या चाळीला ठसका. शेवटच्या दोन महिन्यांतल्या रविवारच्या चाचण्या तिनं नाकाला ओला रुमाल बांधून दिल्या.

४ मे २०२५ चा पेपर अनेकांना आजही आठवत असेल. भौतिकशास्त्रानं मुलांना रडवलं. केंद्राबाहेर आलेल्या मुलांचे चेहरे पाहून आयांनी पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या आणि काही विचारलं नाही. ती आली, म्हणाली, “एकवीस प्रश्न कोरे ठेवलेत.” ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला बरं वाटलं.

१४ जूनला निकाल : ५२१. मागच्या वर्षीपेक्षा ६९ गुण कमी. काकूंचे, मावश्यांचे फोन आले, आवाज खाली घेऊन. पण त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ होते. पात्रतेची खुल्या गटाची रेषा १६२ वरून १४४ वर आली होती. गुण घटले आणि ऑल इंडिया रँक कितीतरी वर गेली. १३६ बरोबर, २३ चूक, २१ कोरे. नुसत्या गुणांवरून मूल तोलणाऱ्यांना हे समजावताना माझी दमछाक झाली, तरी मी प्रत्येकाला समजावलं. कोऱ्या एकवीस प्रश्नांत तिचं सगळं वर्ष होतं.

एवढं सांगून संपवलं तर ही यशाची गोष्ट होईल. म्हणून दुसरं सांगते. तिच्याच अभ्यासिकेत डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतला एक मुलगा होता. तोही रिपीटर, तोही कष्टाळू, कदाचित हिच्यापेक्षा जास्त. त्याला दुसऱ्यांदाही सरकारी जागा मिळण्याइतकी रँक आली नाही. निकालानंतर त्याची आई माझ्या खिडकीशी आली, केसपेपर नको होता. म्हणाली, “ताई, तुमचं बरं झालं. आमचं वर्ष गेलं ना?”

वर्षभरापूर्वी मी हो म्हटलं असतं. मी तिला म्हटलं, रविवारी त्याला घेऊन या, दोन्ही वर्षांच्या पुस्तिका आणा.

ते आले. माझ्या मुलीनं आणि त्यानं मिळून दोन तास रकाने भरले. त्याच्या चुका वेगळ्या निघाल्या. पहिला आणि दुसरा रकाना जवळजवळ रिकामा. तो नीट वाचत होता, घाई करत नव्हता. तिसरा रकाना भरलेला, दोन्ही वर्षी, आणि त्यात बहुतेक भौतिकशास्त्र, तेच तेच धडे. अकरावीला कॉलेजात तो विषय शिकवायला बराच काळ कुणी नव्हतं, असं त्यानं सांगितलं. आई म्हणाली, तिसऱ्यांदा बसू दे का? मी अडवलं नाही आणि रेटलंही नाही. एका वर्षात ते धडे मुळापासून होतील का, हे त्यालाच विचारलं. त्यानं वही मिटली नाही, परत परत तीच पानं चाळली. मग म्हणाला, “होतील, पण मला आता ते करायचं नाहीये. जीवशास्त्रात माझे नव्वदपैकी ऐंशी बरोबर आहेत. त्यावर काय मिळतं ते बघू.”

त्याला फिजिओथेरपी मिळाली, सरकारी, मुंबईतच. गेल्या वर्षी मी माझ्या मुलीला जो फॉर्म भर म्हणून हट्ट धरला होता, तोच. फरक एवढा की तो त्यानं स्वतः, दोन पुस्तिका उलगडून पाहिल्यावर भरला. त्याच्या चाळीतल्या एका बारावीच्या मुलीची आई परवा मला विचारत होती, हिला कमी पडले तर काय करू. मी म्हटलं, पेपर देऊन आली की पुस्तिका कपाटावर टाकू देऊ नका, माझ्याकडे घेऊन या, मी रविवारी घरी असते.